नव्या कथा-कादंबऱ्यांचं उन्हाळी कपाट : सोलापूर, एप्रिल ते जून 2025

मंडळाच्या खोलीत उन्हाळ्यापुरतं पुस्तकांचं कपाट लावायचं ठरलं. अट एकच ठेवली: गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या कथा आणि कादंबऱ्याच घ्यायच्या. जुनी, नावाजलेली पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळतात, ती पुन्हा गोळा करण्यात अर्थ नव्हता. खोली पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला. वर पत्रा, आत लेझीम, ढोल आणि गणपतीचं मखर. वाचणारे म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, घरी विडी वळणाऱ्या बायका आणि सुट्टी लागलेली पोरं. बहुतेकांच्या घरात तेलुगू, शाळा मात्र मराठी. दुसऱ्या कुणाला आपल्या गल्लीत असंच काही करायचं असेल तर पैसे कुठे जातात आणि काम कुठे अडतं हे आधी कळावं, म्हणून या नोंदी.

6 एप्रिल, रविवार

गणपतीच्या वर्गणीतले उरलेले 9,000 रुपये आणि आम्ही पाच जणांनी घातलेले हजार-हजार, असे 14,000 हातात. भंगारवाल्याकडून लोखंडी कपाट 1,800 ला. दोन कप्पे वाकलेले होते, ते हातोडीने सरळ केले. रंगाला 350.

यादी करायला बसलो आणि पहिला प्रश्न हाच आला की नवीन पुस्तकं कळतात कशी. मराठीत वर्षातून दोनदा पुस्तकांची लाट येते, एक दिवाळीच्या आसपास आणि दुसरी साहित्य संमेलनाच्या सुमाराला. यंदाचं संमेलन फेब्रुवारीत दिल्लीला झालं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. त्यावेळी आलेली पुस्तकं एप्रिलपर्यंत दुकानात आणि पुरवण्यांच्या परीक्षणांत पोचलेली असतात. म्हणून उन्हाळ्यासाठी खरेदी करायची तर मार्चअखेरीला सुरुवात करावी. आम्ही उशीर केला तरी फारसं बिघडलं नाही, फक्त गाजलेली दोन पुस्तकं संपलेली निघाली. मराठी कादंबरीची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची. संपली की दुसरी कधी निघेल ते प्रकाशकालाही ठाऊक नसतं.

परीक्षणं वाचून यादी करू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. पुरवणीत परीक्षण लिहिणारा आणि लेखक यांची ओळख असते. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण आपले पैसे मोजके आहेत. पहिली दहा-वीस पानं चाळायला मिळतील तिथेच निर्णय घ्या.

9 एप्रिल

नवी पेठेत फिरलो. दुकानं भरलेली, पण एमपीएससी, नीट, पोलीस भरती आणि दहावीच्या गाइडांनी. कथा-कादंबऱ्यांचा एक कप्पा असतो, त्यात वर्षानुवर्षं खपणारी तीच नावं. नवीन कादंबरीचं नाव घेतलं की, ‘मागवून देतो, आठ दिवस थांबा.’ त्यात दुकानदाराची चूक नाही. एक प्रत मागवायची, ती कुणी नेली नाही तर ती त्याच्याच उरावर.

मग थेट प्रकाशकांना फोन. पाच हजारांच्या वर घेतलं तर पंचवीस टक्के सवलत, पण तीन प्रकाशकांकडे विभागून घ्यायचं तर प्रत्येकाचं वीस टक्क्यांवरच अडलं. शिवाय पाठवण्याचा खर्च. आधी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं, पुस्तकं स्वस्तात यायची. टपाल खात्याने ते 18 डिसेंबर 2024 पासून बंद केलं. तेव्हा उरलं पार्सल किंवा कुरिअर, म्हणजे तिघांचे तीन गठ्ठे आणि तीन बिलं. सवलतीतला मोठा हिस्सा तिथेच गेला असता.

शेवटी सोलापूरकरांचा नेहमीचा मार्ग: हुतात्मा एक्सप्रेस. मावसभावाला पुण्यात काम होतंच. सकाळच्या गाडीने जायचं, अप्पा बळवंत चौकात पिशवी भरायची, संध्याकाळच्या गाडीने परत. तिकीट आणि रिक्षा मिळून 520.

13 एप्रिल

पिशवी आली. 27 पुस्तकं, सवलत जाऊन 6,940 रुपये. त्यात 19 कादंबऱ्या आणि 8 कथासंग्रह. हे प्रमाण उलट हवं होतं, पण ते मे महिन्यात कळलं. दुकानात उभं राहिलं की जाड पुस्तकात पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, भावालाही तसंच वाटलं.

आणखी एक बघायचं राहिलं, ते म्हणजे बांधणी. आता पुस्तकं शिवत नाहीत. पानांची पाठ कापून गरम गमात बुडवतात आणि वर कव्हर चिकटवतात. 27 पैकी शिवण असलेली फक्त तीन. पाठीकडून वरच्या कडेला बघितलं की लगेच कळतं: शिवलेल्या पुस्तकात पानांचे जुडगे दिसतात, गमाच्यात सरळ सपाट रेघ. घराघरांत फिरणारं पुस्तक असेल तर हे दुकानातच बघून घ्या.

16 एप्रिल

कव्हरं घालणं, शिक्का, नोंदवही. 610 रुपये. खाकी कागद घालायचा विचार होता, पण नव्या पुस्तकाचं कव्हर झाकलं की ते शाळेच्या वहीसारखं दिसतं आणि कुणी हात लावत नाही. पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं.

23 एप्रिल, बुधवार

जागतिक पुस्तक दिन म्हणून आज उद्घाटन. शाळांच्या परीक्षा 25 पर्यंत आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यात आज आमच्या भागात पाण्याचा दिवस. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस घागर, बॅरल आणि मोटारीच्या मागे असतो. नारळ फोडला, पेढे वाटले, पुस्तक कुणी नेलं नाही. पुढच्या वेळेला पाण्याचं वेळापत्रक आधी आणि पंचांग नंतर.

27 एप्रिल

आजची नोंद लांब आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं.

पारा चाळिशीच्या वर, आणि पत्र्याखाली दुपारी त्याहूनही जास्त. कपाट भिंतीला लावलेलं, वरचा कप्पा पत्र्यापासून जेमतेम दोन हात खाली. चांगली दिसावीत म्हणून नवीन पुस्तकं तिथेच मांडली होती. आज एका पोराने कादंबरी उघडली आणि मधली पंधरा-वीस पानं गठ्ठ्याने त्याच्या हातात आली. तो घाबरून म्हणाला, ‘मी काय केलो नाही बे, आपोआप निघालं.’ खरंच होतं. पाठीला बोट लावलं तर गम मेणासारखा मऊ. पुस्तक उघडलं की पान ओढलं जातं, आणि गम सैल असला की सुटतं. वरच्या कप्प्यातली सहा पुस्तकं अशी झाली.

पुस्तकं लगेच खालच्या कप्प्यात घेतली आणि आडवी रचली. उभी ठेवली की पानांचा भार पाठीवर येतो. पत्र्यावर पोती टाकून पाणी मारायचं कुणीतरी सुचवलं. पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत पत्र्याला पाणी पाजणार कोण? मग चुना. विरवलेल्या चुन्यात थोडं फेव्हिकॉल घालून पत्र्याला वरून दोन हात दिले. ब्रश, चुना, फेव्हिकॉल मिळून 380. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आधी बसवत नव्हतं तिथे पोरं कॅरम खेळत बसली होती. हे पुस्तकं आणायच्या आधी करायचं काम.

30 एप्रिल

सुटलेली पुस्तकं घरीच दुरुस्त करायचा प्रयत्न. कडेला सुईने भोकं पाडून आरपार शिवलं. पक्कं झालं, पण पुस्तक उघडेना. या पुस्तकांत आतला समास इतका बारीक सोडलेला असतो की शिवणीत ओळींची सुरुवातच गेली. वाचणारा डोकं वाकडं करून आत डोकावत होता. उसवून टाकलं.

मग बाइंडरचाचांकडे नेलं. त्यांनी आधी जुना गम सुरीने खरवडून काढला, पानं ठोकून एकसारखी केली आणि फळ्यांत दाबली. पाठीवर करवतीच्या पात्याने आडव्या बारीक खाचा पाडल्या, त्या खाचांत सूत बसवलं, वर फेव्हिकॉल, त्यावर मलमलची पट्टी, मग मूळ कव्हर. पान पुरतं उघडतं आणि ओढलं तरी येत नाही. आम्ही मोठ्या हौसेने मागावरचं ताण्याचं सूत घेऊन गेलो होतो. ते एकपदरी, चाचांच्या बोटातच तुटलं. ‘हे चादरीसाठी, किताबीसाठी नाही,’ म्हणाले आणि चार पदर पिळून वापरलं. एका पुस्तकाला 60 रुपये. पुढे आणखी तीन पुस्तकं गेली, म्हणजे एकूण 540.

4 मे

सुट्ट्या लागून आठवडा झाला. नोंदवही बघितली. जाड कादंबऱ्यांपैकी दोनच बाहेर गेल्या, त्यातली एक दोन दिवसांत परत. कथासंग्रह मात्र कपाटात टिकत नाहीत.

कारण विचारलं तर मागावरचे अण्णा म्हणाले, ‘पाळी संपवून आलो की अर्धा तास डोळे उघडे राहतात. अर्ध्या तासात तुझ्या कादंबरीतला माणूस अजून खिडकीतच उभा असतोय.’ हे त्यांनी एका पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या कादंबरीबद्दल म्हटलं. तिचं परीक्षण फार चांगलं आलं होतं. मला स्वतःला ती आवडली, पण अण्णांचंही खोटं नाही. नव्या मराठी कादंबऱ्यांत एका माणसाच्या डोक्यात पन्नास पानं फिरत बसायची सवय झाली आहे, आणि थकलेल्या वाचकाला तेवढा धीर नसतो.

कपाटाची मांडणी बदलली. लेखकाच्या नावाने लावलेली पुस्तकं काढून वेळेनुसार लावली. वर ‘एका बैठकीत एक कथा’, मधे ‘दोन-तीन दिवसांत संपणारी’ आणि खाली ‘आठवडाभर’. आधी प्रत्येक पुस्तकात शेरा लिहायला कागद ठेवला होता, त्यावर पोरांनी ‘छान’ आणि ‘बोर’ एवढंच लिहिलं, तो काढून टाकला. त्याऐवजी कथासंग्रहाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खूण करायची: आधी ही कथा वाचा. संग्रहातली पहिली कथा सगळ्यात चांगली असतेच असं नाही. पहिलीच जड लागली की माणूस पुस्तक परत करतो आणि पाचवी कथा राहून जाते.

6 मे

‘उसवण’ची दुसरी प्रत मागवावी लागली. देविदास सौदागर यांची छोटी कादंबरी, 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली. रेडिमेड कपडे आले आणि गावातल्या शिंप्याचं काम कसं बसत गेलं, ही गोष्ट. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. इथून तुळजापूर तासाभरावर आणि आमच्याकडे गणवेश शिवणाऱ्यांची घरं गल्लोगल्ली. कोपऱ्यावरच्या टेलरमामांनी दुकानातच वाचली, गिऱ्हाइकं थांबवून. परत देताना कादंबरीबद्दल काही बोलले नाहीत. सुईबद्दल, काजाबद्दल, उधारीबद्दल बोलले. मग हळूच विचारलं, ‘हे आपल्यासारख्याला छापायला किती पैसे भरायला लावतात?’ आता ते वहीत काही लिहितात असं त्यांची मुलगी सांगते.

जवळच्या माणसाने जवळच्या धंद्यावर लिहिलेलं एखादं तरी नवीन पुस्तक यादीत शोधून घालावं. बाकीच्या पुस्तकांकडे लोक त्या एकामुळे वळतात.

9 मे

पैसे संपत आले आणि कथा हव्यात. उपाय रद्दीत सापडला. मराठीत नवी कथा पहिल्यांदा छापून येते ती बहुतेक दिवाळी अंकात, संग्रह निघायला पुढे तीन-चार वर्षं जातात. म्हणजे 2024 च्या दिवाळी अंकातली कथा ही संग्रहातल्या कथेपेक्षा नवी, आणि मे महिन्यात तो अंक रद्दीच्या भावात. तीनशे-चारशे छापील किंमत असलेले अंक प्रत्येकी 40 ला मिळाले, 18 अंक, 720 रुपये. भविष्य, जाहिराती आणि पाककृती काढून फक्त कथांची पानं वेगळी केली, आणि एकेक कथा पुठ्ठ्याच्या फाइलला लावली. एक फाइल, एक कथा. पोरांनी त्यांना ‘सुट्ट्या कथा’ नाव पाडलं. आठवड्याभरात सगळ्यात जास्त फिरलेली वस्तू हीच. हरवली तर दोन-चार रुपयांचं नुकसान, त्यामुळे आम्हीही कुणाला टोकत नाही.

अंक फोडताना एका वाचनवेड्या काकांना वाईट वाटलं. त्यांना सांगितलं, रद्दीवाला यांचा लगदाच करणार होता.

13 मे

विडी वळणाऱ्या बायकांकडे पुस्तक जातच नव्हतं. अडचण साधी: दोन्ही हात कामात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे फेरे. बोलता बोलता चालतं हे, पण पान उलटायला तिसरा हात कुठून आणणार? शिवाय बोटाला तंबाखू, पुस्तक खराब होईल म्हणून त्या स्वतःच हात लावत नव्हत्या.

दहावी झालेली एक मुलगी दुपारी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला तयार झाली. पहिल्या दिवशी तिने बक्षीस मिळालेल्या संग्रहातली कथा घेतली. शहरातलं जोडपं, फ्लॅट, अबोला. दहा मिनिटांत बायका आपसात तेलुगूत बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सुट्ट्या कथांमधली एक, मराठवाड्यातल्या बोलीत, ऊसतोडीला गेलेल्या सुनेची. बोली आमच्याकडची नव्हे, दोन-तीन शब्द कुणालाच कळले नाहीत, तरी एकजणही उठली नाही.

मोठ्याने वाचून बघितल्यावरच कथेची वीण कळते. छान दिसणारं लांब वाक्य वाचताना मुलीचा श्वास पुरत नव्हता. संवाद कुणाचा ते डोळ्यांना कळतं, कानाला कळत नाही, तर ती ‘सासू म्हणाली’, ‘सून म्हणाली’ असं स्वतःचं घालत गेली. आता नवीन संग्रह घेताना आम्ही दुकानातच एक पान हळू आवाजात वाचून बघतो. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

16 मे

तक्रार आली. बाळंतपणात गेलेल्या लेकीची कथा वाचली आणि सगळ्यांचे हात थांबले. संध्याकाळी विड्या मोजल्या तर कुणाच्याच हजार भरल्या नाहीत. अक्का म्हणाली, ‘रडायच्या कथा रात्री सांग गं पोरी. दुपारच्याला हसायचं काय तर आण, नाहीतर भांडणाचं. भांडण असलं की हात चालतोय.’ मजुरी हजारावर मिळते, म्हणजे त्या कथेची किंमत त्यांनी रोकड मोजली. मुलीने फाइलींवर खुणा केल्या: दुपारची, रात्रीची. हसवणाऱ्या नव्या कथा शोधायला लागलो तेव्हा कळलं की त्या किती थोड्या लिहिल्या जातात. 18 अंकांत तीन-चार निघाल्या. भांडणाच्या भरपूर.

18 मे, रविवार

पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. कपाट बंद. पुढचे दोन दिवसही कुणी उघडलं नाही.

21 मे

सकाळी बातमी: इंटरनॅशनल बुकर बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला. मुस्लिम घरांतल्या बायकांच्या मूळ कन्नड कथा, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा, 12 कथा. या पुरस्काराने कथासंग्रहाला निवडण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही महिनाभर कथासंग्रह कमी घेतले म्हणून हळहळत होतो, त्यामुळे बातमी आम्हालाच मिळाल्यासारखी वाटली.

मागणी लगेच आली, आणि तीही दोन भाषांत. अक्कलकोटहून इकडे सून म्हणून आलेल्या एका मावशींना कन्नड वाचता येतं, त्यांना मूळ पुस्तक हवं. या 12 कथा वेगवेगळ्या कन्नड संग्रहांतून निवडलेल्या, त्यामुळे काय मागवायचं हेच आधी ठरवावं लागणार. मावशींचा भाचा विजापूरला असतो, त्याच्यावर सोपवलं. इंग्रजी प्रत एका कॉलेजच्या मुलीने स्वतःच्या पैशाने मागवली.

26 मे

पाऊस! मे महिन्यात सोलापुरात असा पाऊस बघितला नव्हता. आठवडाभर वळीव चाललाच होता, आज हवामान खात्याने मान्सून सोलापूरपर्यंत आल्याचं जाहीर केलं. नेहमी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो.

चुना बघता बघता वाहून गेला. पत्र्याच्या नटाजवळून गळती, थेट कपाटावर, आणि उन्हाच्या भीतीने आडवी रचलेली पुस्तकं सगळी ओली. चार जास्तच. पोरांनी ती उन्हात ठेवायला काढली तेवढ्यात अडवलं. उन्हात वाळवलं की पान पापडासारखं वाकतं आणि परत बसत नाही.

त्याऐवजी टॉवेल. सोलापुरात त्याची काय कमी? एका कारखान्यातून दोष असलेले टेरी टॉवेल मागून आणले. पुस्तक टॉवेलमध्ये गुंडाळून नुसतं दाबायचं, पिळायचं नाही. मग दर वीस-पंचवीस पानांत वर्तमानपत्राचा कोरा कागद, छापील नाही, शाई उतरते. दर दोन तासांनी कागद बदलायचा, पंख्याखाली ठेवायचं, शेवटी फळी आणि वर ढोल. तीन पुस्तकं बचावली. एकाची पानं गुळगुळीत कागदाची होती, ती एकमेकांना चिकटून वीट झाली, टाकून दिलं.

1 जून

पत्र्याच्या नटांना रबरी वॉशर आणि एम-सील, 190 रुपये. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, वर ताडपत्रीचा तुकडा. हे दोन तासांचं काम एप्रिलात केलं असतं तर, असं प्रत्येकजण म्हणाला, मीही.

उरलेल्या पैशांत कथासंग्रहांची दुसरी खेप, 1,450 ची. यावेळी दुकानदाराशी बोलून तीन जाड, न उघडलेल्या कादंबऱ्या बदलून घेतल्या. पावती जपून ठेवली होती आणि त्या तिघींवर शिक्का मारायचा राहिला होता म्हणून जमलं. सगळ्या पुस्तकांवर पहिल्याच दिवशी शिक्के मारू नका.

5 जून

‘हार्ट लॅम्प’ मागवलेली मुलगी रात्री एक कथा इंग्रजीतून वाचते आणि दुपारी ओसरीवर तोंडी सांगते, अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत. वाचून दाखवण्यापेक्षा हे जास्त चाललं. समोर मुस्लिम घरातल्या दोघी-तिघी बसतात, त्या मधेच तिला थांबवून दुरुस्त करतात, ‘तसं नसतंय, आमच्यात असं म्हणतात.’ मुलगी रात्री परत पुस्तकात बघते. दोनदा त्यांचं बरोबर निघालं, म्हणजे हिने सांगताना बदललं होतं.

16 जून, सोमवार

शाळा उघडल्या. पोरांकडून पुस्तकं परत यायला लागली. पाच पुस्तकं अजून बाहेर. दोन कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत पोचली आहेत, पाहुण्यांबरोबर. तिथे कुणाकुणाने वाचली त्याची नावं फोनवरून कळतात, पुस्तकं येत नाहीत. मागायला जाणार नाही.

19 जून

काल साहित्य अकादमीचे युवा पुरस्कार जाहीर झाले. मराठीचा प्रदीप कोकरे यांच्या ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ या कादंबरीला. टेलरमामा सकाळीच वर्तमानपत्र घेऊन खोलीवर: ‘ही आहे का आपल्याकडे?’ नव्हती.

हिशेब: कपाट आणि रंग 2,150, पहिली खरेदी 6,940, प्रवास 520, कव्हरं वगैरे 610, चुना 380, बाइंडर 540, दिवाळी अंक 720, गळती 190, दुसरी खेप 1,450. एकूण 13,500. ‘उसवण’ची दुसरी प्रत मामांनी स्वतः घेऊन दिली, ती यात नाही. शिल्लक 500. त्यातून कोकरेंची कादंबरी मागवली आहे, कुरिअरने, कारण मावसभाऊ पुढच्या महिन्यापर्यंत पुण्याला जाणार नाही आणि मामा रोज विचारणार.